कॅन्सर घडवणारं प्रोटीन चांगला जीन बंद कसा पाडतं? बारावीच्या पोराने अडकवलंय

शर्वरी_कराड

नमस्कार मंडळी. मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते. परवा कॅन्सरचा भाग चालू होता, नेहमीचं सांगून झालं की काही जीन बिघडले की पेशीला वाढतच ठेवतात ते ऑन्कोजीन, आणि काही जीन वाढ आवरून धरतात ते ट्यूमर सप्रेसर, पहिले बेफाम सुटले आणि दुसरे मोडले की गाठ तयार. तर मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला, मॅडम मी वाचलंय की बऱ्याच गाठींमध्ये सप्रेसर जीनचं एक अक्षरसुद्धा बदललेलं नसतं, जीन धडधाकट असतो पण बंद असतो, मग तो बंद कोणी केला? मी म्हटलं मिथिलेशन, म्हणजे डीएनएवर मिथाइल नावाचा छोटा रासायनिक गट चढतो आणि जीन बंद पडतो. त्याचा पुढचा प्रश्न तयारच, मिथाइल नेमकं त्याच जीनवर जाऊन कसं बसतं, त्याला पत्ता कोण देतं?

तास संपला म्हणून विषय तिथे थांबला पण प्रश्न खरंच चांगला आहे. नेटवर शोधलं की "एपिजेनेटिक बदल होतात" याच्या पुढे कोणी काही सांगत नाही. मला एखादं असं उदाहरण हवंय जिथे ऑन्कोप्रोटीनपासून (ऑन्कोजीनने बनवलेलं प्रोटीन) बंद पडलेल्या जीनपर्यंतची सगळी साखळी माहिती आहे, म्हणजे कोण कोणाला धरून कुठे नेतं हे फळ्यावर काढता येईल असं. कोणी त्या लाइनमधलं असेल तर सांगा प्लीज.

पिपेटवाला

पोरग्याला माझ्याकडून शाबासकी द्या. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण गाठीत नाही, रक्ताच्या कॅन्सरमध्ये आहे. एपीएल, म्हणजे अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, जुने डॉक्टर अजून एम-थ्री म्हणतात. मी मॉलिक्युलर लॅबमध्ये काम करतो, याची टेस्ट आमच्याकडे कायम येते.

१९७७ मध्ये शिकागोला जॅनेट राउली यांच्या टीमने दाखवलं की या पेशंटच्या पेशींमध्ये १५ नंबरच्या क्रोमोसोमचा एक तुकडा १७ वर आणि १७ चा १५ वर गेलेला असतो, अदलाबदल. १९९०-९१ च्या सुमारास पॅरिसच्या आणि आणखी दोनतीन लॅबनी त्या सांध्यावर काय आहे ते काढलं, तर १५ वरचा पीएमएल नावाचा जीन आणि १७ वरचा रारा नावाचा जीन एकमेकांना जोडले गेलेत आणि त्यातून एक जोडप्रोटीन बनतंय, पीएमएल-रारा. आता आधी साधा रारा काय करतो ते बघा म्हणजे पत्त्याचं कोडं सुटेल. रारा हा रेटिनॉइक ॲसिडचा रिसेप्टर आहे, रेटिनॉइक ॲसिड म्हणजे शरीरात व्हिटॅमिन ए पासून बनणारं रेणू. हा रिसेप्टर डीएनएवर ठराविक अक्षरं ओळखून बसतो, एजीजीटीसीए अशी सहा अक्षरं, आणि थोडं अंतर सोडून परत तशीच सहा. एकटा नाही बसत, आरएक्सआर नावाच्या जोडीदाराबरोबर बसतो. ही अक्षरं ज्या जीनच्या आसपास आहेत त्यातले बरेच पांढऱ्या पेशीला वयात आणणारे जीन आहेत. रेटिनॉइक ॲसिड नसताना रारा तिथे बसून जीन गप्प ठेवतो, ॲसिड आलं की तोच रारा जीन चालू करतो. म्हणजे गप्प करायचं काम नॉर्मल पेशीतही चालतंच, पण तात्पुरतं.

गप्प कसं करतो तर रारा स्वतः काही करत नाही, तो एनकॉर आणि स्मर्ट नावाची कोरिप्रेसर, म्हणजे जीन दाबायला मदत करणारी प्रोटीन धरतो, आणि त्यांच्याबरोबर येतं एचडॅक हे एन्झाइम. डीएनए ज्या हिस्टोनवर गुंडाळलेला असतो त्यांच्या शेपटांवर ॲसिटाइल गट असतात तोवर हिस्टोनची डीएनएवरची पकड सैल असते. एचडॅक ते ॲसिटाइल काढून टाकतं, शेपटांवरचा पॉझिटिव्ह चार्ज मोकळा होतो, डीएनए निगेटिव्ह, त्यामुळे दोघं घट्ट चिकटतात आणि जीन वाचणारी यंत्रणा आत शिरू शकत नाही. मुलांना सांगायचं तर म्युटेशन म्हणजे साडी फाटली, आणि हे म्हणजे साडी अख्खी आहे, पण घडी घालून ट्रंकेच्या तळाशी गेलीय, आहे पण नेसता येत नाही.

आता जोडप्रोटीनमध्ये काय बिघडतं. पीएमएलच्या तुकड्यात एकमेकांना चिकटायचा भाग आहे, त्यामुळे पीएमएल-रारा एकेकटं न राहता जथ्थ्याने राहतं आणि जथ्था म्हटला की कोरिप्रेसरही जास्त आणि पकडही जास्त चिवट. साधा रारा रेटिनॉइक ॲसिडच्या शरीरातल्या नेहमीच्या पातळीला कोरिप्रेसर सोडून देतो, हे जोडप्रोटीन सोडत नाही, त्याला शंभर पट किंवा त्याहून जास्त डोस लागतो. शरीरात तेवढं कधीच नसतं त्यामुळे जे तात्पुरतं बंद राहायला हवं होतं ते कायमचं बंद राहतं, पेशी प्रोमायलोसाइट या अर्धवट वयात अडकते आणि तशाच अर्धवट पेशी वाढत राहतात.

आणि तुमच्या विद्यार्थ्याचं मिथाइल. २००२ मध्ये मिलानच्या एका ग्रुपने दाखवलं की पीएमएल-रारा डीएनएमटी, म्हणजे डीएनएवर मिथाइल लावणारी एन्झाइमं, तीसुद्धा बरोबर ओढून नेतं, त्यांनी पाहिलेला जीन होता रार-बीटा-टू. म्हणजे पत्ता देणारा कोण तर रारामधला डीएनए ओळखणारा भाग. एन्झाइमला पत्ता माहितीच नसतो, त्याला नेऊन बसवलं जातं. ही एवढी एक ओळ वर्गात पोचली तरी पुष्कळ झालं.

एक बघण्यासारखी गोष्ट सांगतो. फिश टेस्टमध्ये आम्ही पीएमएल जीनला एक रंग आणि राराला दुसरा असे चमकणारे प्रोब, म्हणजे त्या जीनला चिकटणारे डीएनएचे तुकडे लावतो, नॉर्मल पेशीत दोन लाल दोन हिरवे ठिपके सुटे दिसतात. एपीएलच्या पेशीत एक लाल, एक हिरवा, आणि दोन ठिकाणी दोन्ही एकमेकांवर बसून पिवळे. अंधाऱ्या खोलीत तो पिवळा ठिपका दिसला की लगेच फोन उचलायचा, रिपोर्ट टाइप करत बसायचं नाही, कारण या आजारात तासांनी फरक पडतो. पीएमएल प्रोटीनला अँटिबॉडी लावून पाहिलं तर अजून मजा, चांगल्या पेशीच्या केंद्रकात मोजके ठसठशीत ठिपके असतात, एपीएलमध्ये तेच फुटून सगळीकडे बारीक रवाळ पसरलेलं दिसतं.

वाचनमात्र

साडीचं उदाहरण आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली हे मला समजलं, बाकीचं तू वाच 😄

राईनकाठची

पिपेटवाला यांचं उत्तर बरोबर आहे पण एक भर घालते, थोडा मतभेदही आहे. एपीएल हे फार सोयीचं उदाहरण आहे कारण तिथे ऑन्कोप्रोटीन स्वतःच डीएनएवर बसतं. बहुतेक गाठींमध्ये तसं नसतं. केरॅस हा ऑन्कोजीन घ्या, कोलन, स्वादुपिंड, फुप्फुस सगळीकडे सापडणारं म्युटेशन, पण केरॅस प्रोटीन बसतं पेशीच्या आवरणाच्या आतल्या बाजूला, केंद्रकात जातच नाही, मग ते जीन बंद कसा करणार? शर्वरीताईंच्या पोराला हे विचारलं तर तो पुढचा तास खाऊन टाकेल.

यावर जुनं आणि फार सुंदर काम आहे अमेरिकेतल्या वूस्टरच्या मायकेल ग्रीन यांच्या लॅबचं. केरॅसने बिघडवलेल्या उंदराच्या पेशींमध्ये फास नावाचा जीन बंद असतो, फास म्हणजे पेशीला "आता मर" असा निरोप घेणारा रिसेप्टर, तो बंद असणं कॅन्सरच्या फायद्याचं. त्यांनी एकेक जीन आरएनएआयने, म्हणजे छोट्या आरएनएने जीनचं काम थांबवायच्या पद्धतीने, दाबून बघितलं की कोणाला दाबलं की फास परत उघडतो. असे २८ जीन सापडले, २००७ चा पेपर आहे, नेचरमधला. यात माझ्या दृष्टीने गंमत ही की त्यातला कुठलाही एक दाबला तरी फास उघडत होता, म्हणजे हे आपोआप साचलेलं काही नव्हतं, बंद ठेवायला पूर्ण साखळी सतत राबत होती. मग २०१४ मध्ये त्याच लॅबने माणसाच्या कोलन कॅन्सरच्या पेशींमधली साखळी दाखवली. केरॅसमुळे पीआरकेडी-१ हे किनेज (दुसऱ्या प्रोटीनवर फॉस्फेट लावणारं एन्झाइम) वाढतं, त्याने यूएसपी-२८ वाढतं, यूएसपी-२८ चं काम म्हणजे दुसऱ्या प्रोटीनवरचा "याला मोडा" हा शिक्का पुसणं, ते झेडएनएफ-३०४ वरचा शिक्का पुसतं, त्यामुळे झेडएनएफ-३०४ पेशीत साचतं, आणि हे प्रोटीन डीएनएवर बसणारं आहे, ते जाऊन बसतं आयएनके-४-एआरएफ या जागी, जिथून पी-१६ सारखे खरेखुरे सप्रेसर निघतात, आणि तिथे डीएनएमटी-१ वगैरे मंडळींना बोलावतं. म्हणजे केरॅस स्वतः जात नाही, निरोप पाठवतो, पत्ता दुसऱ्याच्या खिशात असतो.

आता मतभेद. हे वाचून असं वाटतं की गाठीतलं सगळंच मिथिलेशन कोणीतरी हुकूम देऊन करवलेलं आहे. तसं नाही. गाठींमध्ये शेकडो जीनवर मिथाइल चढलेलं असतं आणि त्यातले खूप जीन त्या अवयवात आधीपासून बंदच होते, गर्भावस्थेत पॉलिकोंब नावाच्या प्रोटीनांनी खूण करून ठेवलेल्या जागांवर हे जास्त होतं हे २००७ मध्येच तीन वेगवेगळ्या ग्रुपनी दाखवलं. वयाबरोबरही मिथाइल असंच साचत जातं. मग दुसरा विचार असा की मिथाइल कुठेही यादृच्छिक चढतं, आणि ज्या पेशीत नशिबाने पी-१६ बंद पडला ती पेशी जास्त वाढली म्हणून आपल्याला तीच दिसते. मला विचाराल तर दोन्ही चालतं, कुठल्या जीनसाठी कुठलं हे एकेक तपासूनच कळतं. आणि एपीएलमध्येसुद्धा २०१० मध्ये सगळा जीनोम एकदम तपासला तेव्हा रेटिनॉइक ॲसिड औषध म्हणून दिल्यानंतर हिस्टोनवरच्या ॲसिटाइलमधला फरक ठळक दिसला, पीएमएल-राराच्या जागांवर डीएनए मिथिलेशनमधला तेवढा नाही. त्यामुळे रार-बीटा-टू ची गोष्ट सगळ्या जीनना लावू नये असं माझं मत.

पिपेटवाला

मान्य. फळ्यावर काढायचं असेल तर एचडॅक ठळक काढा आणि डीएनएमटी तुटक रेषेने.

शर्वरी_कराड

बापरे, केवढं छान लिहिलंय दोघांनी, प्रिंट काढून ठेवतेय. पण आता मलाच प्रश्न पडला, जीन फाटलेला नाही नुसता बंद आहे म्हटल्यावर औषधाने उघडला की पेशंट बरा, असं सरळ आहे का? कारण मुलं हे विचारणारच.

स्लाइडवाला_डॉक

नाही, आणि याच ठिकाणी एपीएलची गोष्ट सगळ्यात जास्त शिकवते. मी हिमॅटॉलॉजीत आहे. जरा सविस्तर लिहितो, ओपीडी संपलीय.

पेशंट येतो तो ताप नाहीतर हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग घेऊन, प्लेटलेट तळाला आणि रक्त गोठायची यंत्रणा पार विस्कटलेली. स्मिअर लावला, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरून पाहिला, की अर्धवट वयाच्या पेशी, केंद्रक मधे दबून दोन फाकांचं झालेलं, आणि पेशीच्या अंगात गडद दाणे इतके ठासून भरलेले की कधीकधी केंद्रकाची कडच दिसत नाही. काही पेशींत लालसर काड्यांच्या जुड्या असतात, त्यांना आउअर रॉड म्हणतात. हे दिसलं की पिपेटवाला यांच्या फोनचीसुद्धा वाट बघायची नाही, संशयावरच आट्रा सुरू करायचं, कारण पहिल्या दिवसांत पेशंट जातो तो मेंदूत रक्तस्राव होऊन.

आट्रा म्हणजे रेटिनॉइक ॲसिडच, औषधाच्या डोसमध्ये. शांघायला वांग झेनयी यांच्या टीमने १९८८ मध्ये २४ पेशंटचा पेपर छापला, त्यातले २३ नुसत्या आट्राच्या गोळ्यांवर रेमिशनमध्ये गेले, म्हणजे तपासणीत आजार दिसेनासा झाला, उरलेल्या एकाला थोडी केमो जोडावी लागली. आणि बोन मॅरो जाळून नाही, पेशी मरण्याऐवजी मोठ्या झाल्या, त्याच खराब प्रोमायलोसाइट वयात येऊन न्यूट्रोफिल, म्हणजे पूर्ण वाढलेल्या पांढऱ्या पेशी झाल्या. लक्षात घ्या तेव्हा पीएमएल-रारा सापडलेलंही नव्हतं, औषध आधी आलं आणि ते का चालतं हे मागाहून कळलं. कळलं तेव्हा सगळे खूष, बंद जीन उघडला, पेशी सुधारली, झालं.

पण नुसत्या आट्रावर ठेवलेले पेशंट काही महिन्यांत परत आजारी पडायचे, जवळजवळ सगळेच. मग उंदरांवर खूप काम झालं, पॅरिसच्या ह्यूग द तें यांच्या ग्रुपचं विशेष. आट्रा दोन कामं करतं, एक तर कोरिप्रेसर हटवून जीन उघडतं, आणि दुसरं म्हणजे पीएमएल-रारा प्रोटीनच पेशीच्या भंगारयंत्रणेकडे, म्हणजे प्रोटिआसोमकडे पाठवतं. त्यांनी असे कृत्रिम रेटिनॉइड वापरले जे जीन उघडतात पण प्रोटीन मोडत नाहीत. पेशी वयात आल्या, न्यूट्रोफिल दिसायला लागले, आणि तरी ल्युकेमिया गेला नाही, कारण ज्या थोड्या मूळ पेशींपासून आजार परत उगवतो त्या तशाच राहिल्या. म्हणजे बंद केलेले जीन उघडणं हे दिसायला जादू, पण आजार मुळातून जायला बंद करणारा नाहीसा व्हावा लागतो.

याला दुजोरा देणारा एपीएलचा दुर्मिळ प्रकार आहे, ११ आणि १७ ची अदलाबदल, पीएलझेडएफ-रारा. यात पीएलझेडएफचा तुकडा स्वतःच कोरिप्रेसर धरून बसतो, रारावाल्या बाजूने आट्राने कितीही सोडवलं तरी दुसऱ्या हाताने धरलेलंच राहतं. हे पेशंट आट्राला नीट दाद देत नाहीत.

मग मुळातून गेला कशाने, तर आर्सेनिकने. चीनमध्येच, हार्बिनला, १९७० च्या दशकात झांग तिंगदोंग यांनी पारंपरिक औषधातून हे काढलं. आर्सेनिक रारा बाजूला हातच लावत नाही, ते पीएमएलच्या तुकड्यातल्या सिस्टीनना चिकटतं, त्यावर सुमो नावाची छोटी प्रोटीन चढतात, ती बघून आरएनएफ-४ हे एन्झाइम येतं, युबिक्विटिनचा शिक्का मारतं आणि अख्खं जोडप्रोटीन प्रोटिआसोममध्ये जातं. पिपेटवाला यांनी सांगितलेले ते फुटलेले ठिपके औषधानंतर परत ठसठशीत गोळा होतात. आट्रा एका टोकाने आणि आर्सेनिक दुसऱ्या टोकाने. २०१३ मध्ये इटली-जर्मनीची ट्रायल आली, हाय रिस्क नसलेल्या पेशंटमध्ये आट्रा अधिक आर्सेनिक, केमो नाही, दोन वर्षांनी आजार किंवा अडचणीशिवाय असलेले ९७ टक्के, आणि आट्रा अधिक केमोच्या बाजूला ८६ टक्के. आपल्याकडे वेल्लोरच्या सीएमसीने तर १९९८ पासून नुसत्या आर्सेनिकवर पेशंट बरे करून दाखवले, ७२ जणांचा पेपर २००६ चा आहे, तीन वर्षांनी ८६ टक्के हयात. आट्रा आणि केमोचा खर्च न झेपणाऱ्या लोकांसाठी तो पेपर फार मोठा होता.

अण्णा_सांगली

म्हणजे शेवटी आपला सोमलच की हो! आमच्या आजोबांच्या वेळी वैद्य सर्रास सोमल द्यायचे, तेव्हा लोक हसायचे. आणि व्हिटॅमिन ए पण आलं त्यात. मग माणसाने रोज गाजर नि जोडीला वैद्यांकडून थोडं सोमल घेतलं तर आधीपासूनच बंदोबस्त नाही का होणार?

स्लाइडवाला_डॉक

अण्णा, अजिबात नाही, आणि हे चेष्टेतसुद्धा कोणी वाचून करू नका. गाजर खा, बिनधास्त खा, पण त्यातून आट्राचा डोस होत नाही, आणि व्हिटॅमिन ए च्या गोळ्या मनाने वाढवल्या तर लिव्हर जाईल. आर्सेनिक आम्ही देतो ते शुद्ध ट्रायऑक्साइड, मोजून, शिरेतून, आणि पेशंट ॲडमिट असताना रोज ईसीजी, पोटॅशियम, मॅग्नेशियम बघत, कारण हृदयाचा ठोका बिघडू शकतो. शिवाय आट्रा असो वा आर्सेनिक, पेशी एकदम वयात यायला लागल्या की फुप्फुसात पाणी, ताप, धाप, वजन वाढणं असं सगळं होऊ शकतं, डिफरन्शिएशन सिंड्रोम म्हणतात, वेळेत स्टेरॉइड दिलं नाही तर जिवावर बेततं. आणि मुख्य म्हणजे हे चालतं ते पीएमएल-रारा आहे म्हणून. दुसऱ्या ल्युकेमियात ते प्रोटीनच नाही तर आर्सेनिक चिकटणार कोणाला? तिथे ते फक्त विष.

अण्णा_सांगली

बरं बाबा. गाजरावर थांबतो.

राईनकाठची

शर्वरीताई, मुलं विचारतीलच की मग बाकीच्या कॅन्सरला जीन उघडायची औषधं आहेत का. आहेत. मिथाइल उतरवणारं अझासिटिडीन अमेरिकेत २००४ मध्ये मंजूर झालं, मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या बोन मॅरोच्या आजारासाठी, एचडॅक अडवणारं व्होरिनोस्टॅट २००६ मध्ये त्वचेच्या एका लिम्फोमासाठी, आणि २०२० मध्ये टाझेमेटोस्टॅट, ते ईझेडएच-२ ला अडवतं, ईझेडएच-२ म्हणजे मी वर म्हटलं त्या पॉलिकोंबमधलं हिस्टोनवर मिथाइल लावणारं एन्झाइम. पण ही सगळी औषधं हत्यार बोथट करतात, हत्यार चालवणाऱ्याला हात लावत नाहीत, आणि एचडॅक किंवा डीएनएमटी तर प्रत्येक चांगल्या पेशीतही कामाला असतं. त्यामुळे एपीएलसारखा निकाल कुठेच दिसला नाही. केरॅसला थेट धरणारं पहिलं औषध २०२१ मध्ये आलं, तेही त्याच्या एकाच म्युटेशनसाठी, जी-१२-सी.

शर्वरी_कराड

ठरलं मग. फळ्याचे दोन भाग करते, डावीकडे पीएमएल-रारा स्वतः डीएनएवर बसलेलं, हाताला कोरिप्रेसर आणि एचडॅक, उजवीकडे केरॅस आवरणापाशी आणि खाली झेडएनएफ-३०४ पर्यंत बाण. पीएलझेडएफ घेऊ का नको? वेळ पस्तीस मिनिटंच असतो.

पिपेटवाला

घ्याच, पण सांगू नका. नुसतं काढा, कोरिप्रेसर दोन ठिकाणी धरलेला, बाजूला आट्रा लिहा आणि विचारा हा पेशंट बरा होईल का. तुमचा मागच्या बाकावरचा सोडवेल. आणि केरॅसच्या साखळीत यूएसपी-२८ गाळू नका, पोरं तिथेच अडकतात की शिक्का पुसल्याने प्रोटीन वाढतं कसं.